पडद्यामागचा पेटीवाला

कापसाचे दोन बोळे खिशात टाका. लोकरीचा कोट घ्या, कारण डिसेंबरातल्या स्वित्झर्लंडमध्ये उतरायचं आहे. आणि एक पथ्य पाळा: जिथे जाल तिथे कुणालाही पुढचं काही सांगायचं नाही. पहिल्याच मुक्कामी आग लागणार आहे. त्या आगीत एकही जीव जाणार नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच मी तुम्हाला बेधडक तिथे सोडतो आहे.

4 डिसेंबर 1971, मोंत्रो. जिनिव्हा सरोवराच्या काठावरचा कॅसिनो. पोराटोरांच्या गर्दीत तुम्ही अंग चोरून उभे आहात. मंचावर फ्रँक झॅपा आणि त्याचे मदर्स ऑफ इन्व्हेन्शन. तास-सव्वा तास होऊन गेलाय, 'किंग काँग' ही लांबलचक रचना रंगात आली आहे आणि डॉन प्रेस्टनने सिंथेसायझरवरचा आपला एकट्याचा तुकडा नुकता हाती घेतलाय. इतक्यात मागून कुणीतरी फ्लेअर गन झाडतो. छत पेट घेतं. झॅपा लोकांना शांतपणे बाहेर पडायला सांगतो. धूर खाली उतरू लागतो. क्लोद नोब्ज, इथल्या जाझ महोत्सवाचा संस्थापक, आत शिरून पोरांना ओढून बाहेर काढतो. तुम्हीही खोकत, डोळे चोळत थंडीत येता. हेवी मेटलच्या इतिहासातली सगळ्यांत प्रसिद्ध आग सिंथेसायझरच्या साथीने लागली, हे मात्र कुणी सांगत नाही.

गर्दीत पाच ब्रिटिश हताशपणे ज्वाळांकडे बघताहेत. ते डीप पर्पल. याच सभागृहात त्यांचं ध्वनिमुद्रण सुरू व्हायचं होतं. रोलिंग स्टोन्सकडून भाड्याने घेतलेला ध्वनिमुद्रणाचा ट्रक गावात येऊन उभा आहे आणि सभागृहच उरलेलं नाही. सरोवरावर पसरलेल्या त्या धुराचं पुढे गाणं झालं. 'स्मोक ऑन द वॉटर'ची गिटारवरची धून जगातल्या प्रत्येक गिटारच्या दुकानात रोज कुणीतरी नवशिका वाजवतोच. आपण तिच्यासाठी आलेलो नाही, कीबोर्डसाठी आलो आहोत. (डीप पर्पल हेवी मेटल की हार्ड रॉक, या वादासाठीही नाही. तो ज्यांना घालायचा असेल त्यांनी काठावर बसून घालावा, आपण पुढे निघू.)

काही दिवस पुढे सरका. हंगाम संपल्यामुळे बंद पडलेलं ग्रँड हॉटेल, लांबच लांब थंडगार कॉरिडॉर, भिंतींना टेकवलेल्या गाद्या. पायाखाली केबलींचं जाळं आहे, जपून चाला. या केबली खोल्यांतून, बाल्कन्यांतून बाहेरच्या ट्रकपर्यंत गेल्या आहेत. वाजवलेलं ऐकायचं तर त्याच वाटेने ट्रक गाठायचा. त्या द्राविडी प्राणायामाला कंटाळून मंडळींनी मधे मधे ऐकणं सोडूनच दिलंय. ट्रकमध्ये मार्टिन बर्च नावाचा ध्वनिमुद्रक बसला आहे. त्याचा चेहरा नीट बघून ठेवा, आजच्या प्रवासात हा गृहस्थ तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

आता ऑर्गनशी बसलेल्या माणसाकडे या. जॉन लॉर्ड, वय 30, गाव लेस्टर. लहानपणापासून पियानोची शास्त्रीय तालीम झालेली. दोन वर्षांपूर्वी, 24 सप्टेंबर 1969ला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आणि डीप पर्पल यांना एकत्र बसवून त्याने स्वतः लिहिलेला काँचेर्तो सादर केला. नव्या गाण्यांच्या बाबतीत बँडने ठरवलंय की आता फक्त जोरकस वाजवायचं. मग बाख शिकलेल्या माणसाने करायचं काय?

त्याचं वाद्य जवळून बघा. हॅमंड सी-3. लाकडी कपाटाएवढं धूड, वजन दीडशे किलोंहून जास्त. चार हमालांखेरीज हलत नाही. एकावर एक दोन पट्ट्या, प्रत्येकीत 61 स्वर, पायाशी आणखी 25. सुरू करायलाही दोन बटणं: पहिलं दाबून धरायचं, मनात आठ आकडे मोजायचे, मग दुसरं दाबायचं. आत मोटर फिरू लागते आणि तिच्यासोबत 91 दातेरी चक्रं. प्रत्येक चक्रासमोर चुंबक आणि तारेचं वेटोळं. चक्राचे दाते समोरून जातात तशी वीज कमीजास्त होते आणि तिचाच सूर होतो. पोटाशी कान लावा, यंत्राची घरघर ऐकू येईल. कळ दाबताना 'टिक्' असा एक बारीक आवाज येतो. बनवणाऱ्यांच्या लेखी तो दोष होता. रॉकवाल्यांनी त्यालाच डोक्यावर घेतलं, कारण त्या 'टिक्'मुळे सुराला धार येते.

हे वाद्य मुळात चर्चच्या प्रार्थनेसाठी. त्याच्या जोडीला लेस्ली नावाचा फिरता स्पीकर लावण्याची पद्धत होती. आवाज त्यातून लाटेसारखा डुलत बाहेर पडायचा. पण शेजारी रिची ब्लॅकमोर गिटार घेऊन उभा असेल तर डुलत्या, सभ्य आवाजाला कोण विचारतो? लॉर्डने लेस्ली बाजूला ठेवला आणि ऑर्गनची तार सरळ मार्शलच्या गिटार अँप्लिफायरला जोडली. ज्यातून गिटार गुरगुरते त्यातूनच ऑर्गन गुरगुरू लागला.

तो 'स्पेस ट्रकिन'ची सुरुवात वाजवतो आहे. डोळे मिटा. ही गिटारच, अशी पैज तुम्ही लावाल. उघडा: ब्लॅकमोरचे हात मोकळे आहेत आणि लॉर्डच्या बोटांखालून ती जाडजूड खरखर निघते आहे. कॉरिडॉरची फरशी थरथरते, ती तुमच्या पोटरीपर्यंत जाणवते. 'स्मोक ऑन द वॉटर'मध्येसुद्धा गिटारची ती जगप्रसिद्ध धून थोड्या वेळाने दुप्पट जाड होते, ती याच ऑर्गनमुळे. त्या गाण्याचा पाया गावातल्या पॅव्हिलियन नावाच्या थिएटरात आधीच रेकॉर्ड झाला होता; आवाजाच्या तक्रारीवरून आलेले पोलीस बाहेरून दार ठोठावत होते आणि बँडची माणसं आतून दार दाबून उभी होती. आपल्याकडे रात्री दहानंतर मंडपात जे चालतं तेच.

लॉर्डच्या बोटांकडे अजून थोडा वेळ बघा, कारण पुढच्या 50 वर्षांचा धडा तिथे आहे. तो कमी सूर वाजवतो. अँप्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर आवाज दिला की सुरांचे काठ कापले जातात आणि त्यातून नवे उपसूर जन्मतात. यालाच डिस्टॉर्शन म्हणायचं. सा आणि प एकत्र वाजवले तर हे उपसूर त्याच दोघांच्या गोतावळ्यातले निघतात, आवाज भरीव होतो. मेटलच्या गिटारचा सगळा संसार या सा-प वर चालतो. त्यात गांधार मिसळा की उपसूर आपसात भांडू लागतात आणि चिखल होतो. पियानो शिकलेल्या माणसाला मात्र दहा बोटांनी भरगच्च सुरावट धरायची खोड असते. लॉर्डने ती या अँप्लिफायरपाशी आवरली. भरगच्चपणा त्याने एकल तुकड्यांसाठी राखून ठेवला; 'हायवे स्टार'मधला त्याचा तुकडा ऐका, बाखच्या वळणाची सुरावट किती वेगाने धावते आणि एकही सूर दुसऱ्याच्या पायात येत नाही.

मला विचाराल तर मेटलमधल्या कीबोर्डचा सगळा झगडा इथेच, या बंद हॉटेलात, पहिल्याच फेरीत कीबोर्डने जिंकला होता. नंतर तो हरला कसा, ते बघायला पुढे चला.

1973, लंडनमधलं विल्सडेन. मॉर्गन स्टुडिओ. इथे फार थांबायचं नाही. एका खोलीत ब्लॅक सॅबथ 'सॅबथ ब्लडी सॅबथ' करताहेत, शेजारी येस बँडचं काम चालू आहे. येसचा पियानोवादक रिक वेकमन कंटाळून इकडे डोकावतो आणि 'सॅब्रा कडॅब्रा'त पियानो अन् मिनीमूग सिंथेसायझर वाजवून जातो. मोबदला म्हणे बिअरमध्ये घेतला. पाहुणा आला, वाजवलं, पिऊन गेला. कीबोर्डवाल्याला पाहुण्याचा पाट मिळू लागला तो असा. घरचं ताट मात्र नाही.

फेब्रुवारी 1976, म्युनिक. अराबेला नावाच्या उंच इमारतीचं तळघर, म्युझिकलँड स्टुडिओ. ब्लॅकमोर आता डीप पर्पल सोडून रेनबो हा नवा बँड घेऊन आलाय. काचेमागे कोण? मार्टिन बर्च. आणि कीबोर्डवर 22 वर्षांचा अमेरिकन पोरगा, टोनी केरी. 'रायझिंग' या तबकडीची सुरुवात गिटारने होत नाही, हे लक्षात ठेवा. 'टॅरो वूमन'च्या आरंभी केरी एकटा सिंथेसायझरवर आहे, आणि पुढची अख्खी तबकडी त्याच्या त्या अंधुक प्रकाशात उभी राहते.

केरीचा मिनीमूग एका वेळी एकच सूर काढतो. ही त्याची उणीव वाटेल, पण डावीकडचं ते छोटं चाक बघा. केरी उजव्या हाताने कळ धरतो, डाव्या अंगठ्याने चाक ढकलतो आणि सूर घसरत वर चढतो. मींड! जी पेटीवर निघत नाही म्हणून आपल्याकडे पेटीने केवढी बोलणी खाल्ली. आकाशवाणीने 1940मध्ये हार्मोनियमला दारं बंद केली होती, ती किलकिली व्हायला 1971 उजाडलं. म्हणजे मोंत्रोत लॉर्ड मार्शलमधून ऑर्गन वाजवत होता ते वर्ष. कळीच्या वाद्याकडे वाकड्या नजरेने बघण्याची रीत एकट्या मेटलवाल्यांची नाही. मूगने त्या आक्षेपाला चाकाने उत्तर दिलं, आणि सत्तरच्या दशकातच केरसी लॉर्ड यांनी सिंथेसायझर मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणला. हे लॉर्ड पारशी, ते इंग्रज. नातं काही नाही, योगायोग मात्र गोड आहे.

'अ लाइट इन द ब्लॅक'मध्ये आधी केरी आणि मग ब्लॅकमोर असे तुटून पडतात की सामना बरोबरीत सुटतो. पुढे बरोबरी फारशी टिकली नाही. मेटलची बाजारपेठ वाढली तसा तिचा देव्हारा ठरत गेला: पुढे गायक, दोन्ही बाजूंना गिटारी, मागे उंचावर ड्रम. त्यात कीबोर्डवाल्याची मूर्ती बसेना. आडवं वाद्य, एका जागी खिळलेला माणूस. केस झटकत पळता येत नाही, गुडघ्यावर घसरता येत नाही. आणि तोवर सिंथेसायझर डिस्कोच्या आणि पॉपच्या दारात जाऊन बसला होता. तो मंचावर दिसला तर पोरं काय म्हणतील?

याचं उत्तर लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बघू. 31 डिसेंबर 1981. बाहेर नववर्षाची तयारी, आत चामड्याच्या जाकिटांचा आणि बिअरचा वास. ब्लॅक सॅबथचा प्रयोग आहे आणि तो ध्वनिमुद्रित होतोय. दिवे मालवतात. अंधारात 'ई5150' सुरू होतं, सिंथेसायझरचा घोंघावणारा, पोटात गोळा आणणारा गडगडाट. लोक ओरडू लागतात. मग प्रकाशात टोनी आयोमीची गिटार कोसळते आणि गायक रॉनी जेम्स डिओ पुढे येतो. ज्याने तुमच्या अंगावर काटा आणला तो कुठे आहे?

माझ्यामागून मंचाच्या कडेला या. इथे, विंगेत, प्रेक्षकांच्या नजरेच्या पलीकडे, जेफ निकल्स. बर्मिंगहॅमचाच, आधी क्वार्ट्झ बँडचा गिटारवादक. 1979मध्ये सॅबथमध्ये आला तो पुढे जवळपास पाव शतक राहिला. 'डाय यंग'च्या सुरुवातीला जो सुरांचा पट उलगडतो तो याचा. त्याच्यासमोर प्रेक्षक नाहीत, मंचाची बाजू आहे. त्याला आयोमीची पाठ दिसते, डिओचा हात दिसतो. टाळ्या होतात त्या दुसऱ्यांच्या दिशेने. 'हेवन अँड हेल' तबकडी ऐकताना जे दडपण छातीवर येतं त्यात निकल्सचा वाटा केवढा, हे कळायला तो नसलेलं सॅबथ ऐकावं लागतं. (त्या तबकडीचा निर्माता कोण असेल, ओळखा. बर्चच.)

यात कुणी दुष्ट होतं असं मला म्हणायचं नाही. निकल्सला मानाने वागवलं गेलं, काही काळ त्याचं नाव अधिकृत सभासद म्हणूनही छापलं गेलं. पण आवाज हवा आणि माणूस दिसायला नको, हा व्यवहार मेटलने रूढ केला तो अशाच मंचांवर. आपल्याकडे उलटं. ऑर्केस्ट्राच्या रात्री, नाहीतर लग्नाच्या बेंजो पार्टीत, कीबोर्डवाला म्हणजे कारभारी. बासरी त्याची, व्हायोलिनचा ताफा त्याचा, गायकाची पट्टी चुकली तर सावरणाराही तोच. त्याला विंगेत उभं करा म्हणालात तर कार्यक्रमच उभा राहणार नाही.

1984 ओलांडताना नुसतं खिडकीतून बघा: व्हॅन हेलनचं 'जंप', ओबरहाइम सिंथेसायझरची ती लखलखीत सुरावट, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. वाजवणारा दस्तुरखुद्द एडी व्हॅन हेलन, गिटारचा बादशहा. तरीही कुरकुर झालीच. दोन वर्षांनी ज्युडास प्रीस्ट आणि आयर्न मेडन यांनी पळवाट काढली: गिटारलाच सिंथेसायझर जोडायचा, म्हणजे आवाज मिळतो आणि गळ्यातली गिटार गळ्यातच राहते. 1988च्या 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन'मध्ये मेडनने (निर्माता बर्च!) कीबोर्ड उघडउघड वापरला. दौऱ्यावर तो कोणी वाजवला? बासवादक स्टीव्ह हॅरिसचा तंत्रज्ञ मायकल केनी याने. एरवी नजरेआड, पण शीर्षकगीताला काळा झगा, तोंडावर मुखवटा, आणि कीबोर्ड चक्क फोर्कलिफ्टवर चढवलेला. तुम्ही गर्दीतून मान वर करून बघाल तर हसू येईल. मलाही येतं. पण त्यांनी त्याला वर तरी चढवला.

आता कोट पुन्हा अंगात घाला, जुलै असला तरी. बर्गन, नॉर्वे, 1993. रात्रीचे अकरा वाजत आलेत आणि आकाशात अजून उजेड आहे. समोरची काचेची भव्य इमारत ग्रिगहालेन, याच गावात जन्मलेल्या एडवर्ड ग्रिग या संगीतकाराच्या नावाची. वरून पाहिली तर तिचा आकार ग्रँड पियानोसारखा दिसतो. 1765 साली स्थापन झालेला बर्गनचा फिलहार्मोनिक वृंद इथे वाजवतो. आपण मात्र वृंदाकडे जायचं नाही. याच इमारतीत आयरिक हुंडविन, ज्याला सगळे पिटेन म्हणतात, त्याचा स्टुडिओ आहे. त्याच्याकडे एम्परर हा ब्लॅक मेटल बँड 'इन द नाइटसाइड एक्लिप्स' ही तबकडी करायला आलाय.

दार ढकलण्याआधी एक गोष्ट कानावर घालतो. या खोलीतली मुलं निरागस नाहीत. नॉर्वेत चर्च जाळली जाताहेत, आणि त्यात या बँडमधल्याचाही हात आहे. ड्रम वाजवणाऱ्याने आदल्या वर्षी लिलेहामरला एका माणसाचा खून केलाय. काही आठवड्यांत त्याला अटक होईल. संगीत ऐकताना हे विसरायची गरज नाही, आणि विसरून चालायचंही नाही.

गायक, गिटारवादक आणि कीबोर्डवादक एकच: इसान, वय 17. हो, 17. आधी नुसतं गिटार-ड्रम ऐका. ड्रम इतक्या वेगाने कोसळतात की ठोके मोजता येत नाहीत. गिटारच्या एकाच तारेवर नखी इतकी भरभर फिरते की सूर सुटासुटा न राहता पावसाच्या सरीसारखा एकसंध होतो. थोड्या वेळाने एक चमत्कारिक गोष्ट घडते. एवढा वेग असूनही काहीच हलत नाहीसं वाटतं. सगळं पांढरं, गच्च.

मग इसान कीबोर्डवर हात ठेवतो. व्हायोलिनचा ताफा आणि गायकवृंद यांचे यांत्रिक आवाज, संथ सुरावट, एकेक सूर दीर्घकाळ धरलेला. आणि तो गच्च पांढरा पडदा एकदम मागे सरकतो. आता तिथे अंतर आहे, उंची आहे, दरी आहे. ड्रम पायाखालून धावताहेत आणि डोक्यावर आकाश अगदी हळू सरकतंय. गाण्याचा वेग कुणीच बदललेला नाही. कीबोर्डने फक्त त्याला दुसरी, संथ घडी दिली. गिटारने आवाजाच्या मधल्या पट्ट्यातली सगळी जागा व्यापली होती, म्हणून कीबोर्ड तिच्याशी भांडत बसला नाही, वरच्या सप्तकात गेला. विलंबित आणि द्रुत एकाच वेळी चालताहेत, असं म्हटलं तर गाण्यातल्या माणसाला कळेल. लॉर्डने गिटारच्या अंगावर जाऊन जे मिळवलं ते इसानने तिला वळसा घालून मिळवलं.

ही व्हायोलिनं खरी नाहीत, हे तुम्हाला लगेच कळतं. गजाचा श्वास नाही, सुरात माणसाच्या हाताची कापरी हालचाल नाही. मृत, थंड, न थकणारा सूर. पण तोच इथे कामाचा. थोडक्या वर्षांत डिमू बोर्गिरसारख्या नॉर्वेजियन बँडना खरे वाद्यवृंद परवडू लागले: 2001मध्ये गोथेनबर्गचा, 2003मध्ये प्रागचा. त्या तबकड्या झकपक आहेत. तरी माझं मत विचाराल तर भीती वाटते ती या 17 वर्षांच्या मुलाच्या नकली व्हायोलिनची. प्रागच्या वादकांना आपण वाजवताना डोळ्यांसमोर आणू शकतो. काळे कोट, स्टँडवरचे कागद. बर्गनमधल्या सुरामागे कुणीच बसलेलं दिसत नाही. शुद्धतावाद्यांनी तेव्हाही नाकं मुरडली, कीबोर्ड म्हणजे बाटलेलं ब्लॅक मेटल असं म्हणणारे आजही आहेत. त्यांनी या खोलीत एकदा कीबोर्डचा फेडर खाली ओढून ऐकावं, मग बोलावं.

दक्षिण फ्रान्समधल्या नीमला पाच मिनिटं थांबू. जुलै 2005, रोमनांनी बांधलेलं लंबवर्तुळाकार क्रीडागार, दगड दिवसभराच्या उन्हाने अजून गरम. रामश्टाइन बँडचा कीबोर्डवादक फ्लाके, पूर्व बर्लिनचा काटकुळा माणूस, एका प्रचंड हंड्यात बसून वाजवतोय आणि गायक टिल लिंडेमान स्वयंपाक्याच्या वेशात ज्वाला फेकणाऱ्या बंदुकीने हंडा तापवतोय. 'माइन टाइल' हे गाणं नरभक्षकाबद्दल आहे. उष्णतेची झळ तुमच्या गालापर्यंत पोहोचते. गंमत बघा: सॅबथने ज्याला लपवला, मेडनने ज्याला मुखवटा घातला, तो इथे अख्ख्या मंचावरचं मुख्य पात्र झालाय. शिजवायला का होईना.

शेवटचा मुक्काम घरचा. त्याच वर्षीची मुंबई, धोबी तलाव. इथलं रंगभवन उघड्या आकाशाखालचं. रॉक ऐकणाऱ्या कितीतरी मराठी, गोवन, पारशी पोरांनी मेटल पहिल्यांदा अंगावर घेतलं ते इथे. जवळच्या रुग्णालयांमुळे हा शांतता विभाग ठरला आणि 2003पासून इथल्या मैफली थांबल्या. हाकेच्या अंतरावर फुर्टाडोज, जिथे खिशात बसभाड्यापुरते पैसे असलेली मुलंसुद्धा नवे कीबोर्ड वाजवून बघायला येतात. याच शहरात 2000 साली डेमॉनिक रेझरेक्शन हा बँड उभा राहिला आणि 2005मध्ये त्यांची 'अ डार्कनेस डिसेंड्स' ही तबकडी आली: ब्लॅक आणि डेथ मेटल, त्यावर मेफिस्टो हे रंगमंचीय नाव घेतलेल्या वादकाचा कीबोर्ड. बर्गनच्या काळ्या आकाशाचा अंश त्यात आहे, पण इथल्या दमट हवेतलं मेटल जरा अंगाशी चिकटतं.

कुठल्याही कॉलेजच्या महोत्सवात शिरा. मैदानावर चटया, घामाने ओले काळे शर्ट, मिक्सरवर बसलेला लग्न-मुंजींचा अनुभवी साउंडवाला. मेटल बँडचा कीबोर्डवाला तार जोडतो तेव्हा तो विचारतो, "सिनेमातली पण आहेत का एक-दोन?" मग गिटारी सुरू होतात आणि पहिल्याच गाण्यात कीबोर्ड गडप होतो. साउंडवाल्याचा दोष नाही. एवढ्या गोंगाटात त्या वाद्याने काय करायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

ते सांगायचं काम आता तुमचं, कारण तुम्ही मोंत्रोचा कॉरिडॉर आणि बर्गनची खोली बघून आला आहात. घरात धूळ खात पडलेला कीबोर्ड असेल आणि मित्रांच्या बँडला दुसरा गिटारवाला मिळत नसेल, तर जा. डावा हात आवरा, खालच्या सुरांची जागा बासची आहे. डिस्टॉर्शन लावलंत तर सा-प वर राहा, गांधाराचा मोह टाळा. गिटार जिथे वाजते त्या सप्तकातून उठा. यांत्रिक व्हायोलिन वापरायची लाज बाळगू नका, फक्त सूर लांब धरा आणि कमी धरा. जागा मंचावरची मागा, विंगेतली नको. आणि पहिल्याच तालमीला स्वतःचा अँप्लिफायर घेऊन जा.